वार केल्यावरची उघडी बाजू

तेरवी उरकली, पाहुणे पांगले, आणि रविवारी जेवणं झाल्यावर दिव्यानी आणि प्रफुल ओसरीत येऊन बसले. बोलावलं कोणी नव्हतं. दर रविवारी यायचे तसेच आले. हेमलता दारात उभी राहून बघत होती. आरमोरीच्या मेडिकल दुकानात काम करणारी ही पोरगी कोणाला न विचारता आत गेली, माठातलं पाणी प्याली, कोनाड्यातून फाशांचा डबा काढला आणि चटई अंथरली. चटईचं खांबाजवळचं टोक तिने मोकळं ठेवलं. तिथे हेमलताचे वडील, वामनराव बसायचे.

बाबा रविवारी फोनवर नेहमी घाईत असायचे. टीव्हीवर काहीतरी लागत असेल, असं हेमलता नागपुरात बसून समजायची.

खेळ प्रफुलने कॉलेजातून आणला होता. प्रत्येकाचा एक लढवय्या, त्याच्या नावाचा एक चिंचोका. आपला लढवय्या काय करतो ते मोठ्याने सांगायचं, फासे टाकायचे. आणि एकाने गोष्ट पुढे न्यायची, निवाडाही त्यानेच करायचा. ते काम वामनरावांचं; ही दोघं त्यांना भाऊ म्हणत. झाडीपट्टीच्या नाटकांत नटांना तलवार खेळायला शिकवण्यात त्यांची उमर गेली होती. पुस्तकातले तलवारीचे नियम प्रफुलने वाचून दाखवले, तेव्हा हे लिहिणाऱ्याने कधी पळीसुद्धा धरलेली दिसत नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःचे नियम केले. सगळे तोंडी.

हेमलताने चहा आणला. कोणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, बाबांनी साखर सोडली होती, म्हणून घरात सगळ्यांचाच चहा फिका होतो.

दिव्यानी कपात बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "भाऊ दोन चमचे घेत, ताई. तुमाले सांगू नको म्हणत."

प्रफुल खोकला. हेमलताने रिकामा ट्रे उगाच पुसला. वडलांच्या खोटेपणाचा तिला राग आला नाही. त्या खोटेपणात ही पोरगी आत होती आणि आपण बाहेर, हे तिला लागलं.

मागची लढाई अर्धवट राहिली होती. दिव्यानीच्या राणीने, म्हणजे लाल दोरा गुंडाळलेल्या चिंचोक्याने, समोरच्या सरदारावर वार केला होता, आणि त्याच डावात सरदाराचा भाऊ तिच्या उजव्या अंगाने चालून आला होता. वामनरावांचा नियम असा की वार करणाऱ्याची एक बाजू पुढच्या डावापर्यंत उघडी पडते. त्या बाजूने घाव आला तर खेळ संपला. पण उघडी पडते ती कोणती बाजू? आजवर ते ठरवायची वेळ या दोघांवर आली नव्हती. वामनराव स्वतःच्या बरगडीवर हात ठेवून "इकडून" म्हणत आणि निवाडा देऊन मोकळे होत.

प्रफुलने भीत भीत हेमलताकडे पाहिलं. तुमाले काही माहीत आहे का, म्हणून विचारलं.

"उजवी," हेमलता म्हणाली.

"नाई ताई, डावी." दिव्यानीने मानही वर केली नाही. "मी दर रविवारी पाहत होती. तुमी नव्हत्या ना."

हे शेवटचं तिने चिडून म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं. एका चिंचोक्याचं मरण-जगणं होतं, आणि हेमलताला हा वाद कोणत्याही परिस्थितीत जिंकायचा होता. आपल्या बापाला आपल्यापेक्षा ही जास्त ओळखते, हे घरी घेऊन जायची तिची तयारी नव्हती.

"तू कुठे बसायचीस?"

"इथीच. भाऊच्या समोर."

हेमलता उठली आणि खांबाजवळच्या मोकळ्या जागेवर बसली. तेरा दिवस ती या जागेला वळसा घालून जात होती. तिने बरगडीवर उजव्या अंगाला हात ठेवला. "असं?"

दिव्यानीचे डोळे भरून आले. "असंच. अगदी असंच." तिने नकळत आपलाही हात उचलला आणि आरशात बघितल्यासारखा आपल्या डाव्या बरगडीवर ठेवला. मग तिची नजर एका हातावरून दुसऱ्या हाताकडे गेली आणि हात खाली आला.

प्रफुलच्याही ध्यानात आलं.

"पण तुमी तं कधी समोर बसल्या नाई," दिव्यानी म्हणाली. "मंग तुमाले कसं माहीत?"

"मी समोर नव्हतेच. लहान होते. बाबा मागे उभे राहायचे, माझा हात धरून. हातात बांबूची कमची. वार केला की आपल्या कोपराने माझी उजवी काख दाबून धरायचे. इथून मरशील, म्हणायचे."

"मागून? हात धरून?"

"हो."

"आमच्या हातात कमची कधी देल्ली नाई त्याईनं," दिव्यानी म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते हेमलताने लगेच ओळखलं. चहाच्या कपापासून तेच ती स्वतःच्या आत सोसत होती. तिला बरं वाटलं. चांगलं बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटायला थोडा वेळ लागला.

दिव्यानीने लाल दोऱ्याचा चिंचोका उचलून डब्यात टाकला. "मंग माझी राणी मेली." जरा थांबून तिने विचारलं, "मले दाखवता का, ताई? तसं मागून?"

नाही म्हणायचं हेमलताच्या ओठांवर आलं होतं. हे एवढंच तिच्याकडे उरलं होतं, आणि तेही वाटून द्यायचं. पण प्रफुलने तोवर अंगणातल्या कुंपणाची एक कमची उपसून आणली होती.

दिव्यानी तिच्याहून उंच निघाली. मागे उभं राहिल्यावर हेमलताला समोरचं काहीच दिसेना, फक्त तेल लावलेली वेणी. तिने त्या पोरीचं मनगट धरलं, जरा जास्तच घट्ट, आणि वार करायला लावला. मग आपलं कोपर तिच्या काखेवर दाबलं.

"इथून मरशील," ती म्हणाली.