आतल्या खोलीतला आमदार

साहेब वारले आणि त्यांची आमदारकी रिकामी झाली, तेव्हा त्यांचा मुलगा प्रांताच्या राजधानीत पाण्याचे पंप विकत होता. दुकान बरं चाललं होतं. राजकारणाचं त्याला वावडं नव्हतं, तशी ओढही नव्हती. घरात त्याला सगळे बाळ्या म्हणत, आणि मतदारसंघात त्याला याहून जास्त ओळखणारं फारसं कुणी नव्हतं.

त्याच्या थोरल्या बहिणीला, अक्काला मात्र सगळा गाव ओळखायचा. लग्न होऊन ती पलीकडच्याच गल्लीत राहायची. साहेब मंत्री होऊन राजधानीत अडकून पडले, तेव्हापासून घराच्या तळमजल्यावरचं त्यांचं कार्यालय तीच चालवत होती. कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या दारात गटार तुंबलं, कुणाच्या मुलीला नवऱ्याने घराबाहेर काढलं, की माणसं थेट तिच्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसायची. ती सरकारी अधिकाऱ्यांना फोन लावायची, आधी गोड बोलायची आणि मग असं फैलावर घ्यायची की पलीकडचा माणूस खुर्चीतून उठूनच बोलत असावा.

साहेबांच्या जागी कोण, हे ठरवायला काकांनी वरच्या दिवाणखान्यात बैठक बोलावली. काका म्हणजे साहेबांचे धाकटे भाऊ. स्वतः कधी निवडणूक लढले नाहीत, पण पक्षात त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. कुठल्या भागात लोक नाराज आहेत, कुणाची समजूत काढावी लागेल, हे अक्का सांगत होती. तिचं अर्धं सांगून व्हायच्या आतच काका म्हणाले, "पोरी, तू आता दुसऱ्या घरची. लोक मत देताना आडनाव बघतात. बाळ्या, तुझं काय?"

सगळ्यांनी बाळ्याकडे पाहिलं. अक्कानेही पाहिलं.

"तुम्ही ठरवाल ते," तो म्हणाला.

आपण काही 'हो' म्हणालो नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. मग अक्काने विचारलं, "शर्टाचं माप काय रे तुझं? प्रचाराला चांगले पांढरे शिवून घ्यावे लागतील."

सहानुभूतीच्या लाटेत तो सहज निवडून आला. सभागृहात तो अक्काने लिहून दिलेली भाषणं वाचायचा. आवाज वडिलांचा होता आणि वाचायचाही छान. वडिलांची अभ्यासू वृत्ती मुलात उतरली आहे, असं वर्तमानपत्रांत छापून आलं, तेव्हा त्याला आधी बरं वाटलं आणि मग अक्काच्या घरी तेच वर्तमानपत्र येतं हे आठवून कसंसंच झालं. त्या दिवशी त्याने तिला फोन केला नाही. दुसऱ्या खेपेला निवडून आल्यावर तो आरोग्य खात्याचा उपमंत्री झाला.

त्याच वर्षी सरकारने लहान गावांतले प्रसूती विभाग बंद करायचं ठरवलं. बायकांनी बाळंतपणासाठी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जावं, म्हणजे डोंगर ओलांडून पलीकडे. अक्का राजधानीत त्याच्या बंगल्यावर येऊन बसली.

"हे होऊ द्यायचं नाही, बाळ्या. घाटात गाडी अडकली तर बाई रस्त्यातच बाळंत होईल. मी सगळ्यांना शब्द दिलाय."

"नाही होऊ देणार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "पुढे मंत्री व्हायचंय ना? मग मतदानाला हात वर कर आणि खाली बस."

त्याने हात वर केला आणि खाली बसला.

मतदानानंतर तो गावी आला त्या सकाळी कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. तो मागच्या दाराने आतल्या खोलीत शिरला आणि मधलं दार लावून घेतलं. दार पातळ होतं. प्रसूती विभागातल्या जुन्या नर्सबाईंचा आवाज त्याने ओळखला. त्याच्या दोन्ही मुली त्यांच्याच हातून झाल्या होत्या.

"त्यांनी आमच्या विरोधात मत कसं दिलं, अक्का? तुम्ही तर म्हणाला होतात..."

"चूक माझी आहे," अक्का म्हणाली. "इथली परिस्थिती मी त्याला नीट समजावून सांगितली नाही. तो तरी काय करणार? शिव्या द्यायच्या तर मला द्या."

"तुम्ही समजावून सांगितलं नाहीत? तुम्ही?"

"राहून गेलं. माणूस आहे मी पण."

बाहेर गलका वाढला. कुणीतरी अक्काला वेडंवाकडं बोललं. ती ऐकून घेत होती. बाळ्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ फिरवून बाहेर जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच होतं. त्याने हात काढून घेतला, पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि त्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येईनासं झाल्यावर तो खुर्चीत बसून राहिला.

त्याबद्दल अक्का त्याला कधी एक शब्द बोलली नाही. निवडणूक जवळ आली तेव्हा एवढंच म्हणाली, "या वेळी मी उभी राहते. बैठकीत तू माझं नाव घे. तूच घेतलंस तर काकांना नाही म्हणता येणार नाही."

"घेतो. शपथ घेऊन सांगतो," तो म्हणाला, आणि ते त्याच्या मनातलं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटलं. बैठकीत काय बोलायचं, ते तो आंघोळ करताना मोठ्याने म्हणून बघायचा.

बैठकीच्या सुरुवातीलाच काकांनी सांगून टाकलं, की बाळ्या या खेपेला निवडून आला तर पूर्ण मंत्री होणार, वरून तसा शब्द मिळालाय. "कुणाला काही बोलायचंय?"

बाळ्या उठला. अक्का पुढे सरकून बसली.

"काका जे ठरवतील त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. अक्काने पर्स उचलली आणि कुणाकडेही न बघता ती जिना उतरून गेली.

ती अपक्ष उभी राहिली. आता बाळ्याची भाषणं काकांची माणसं लिहू लागली. चौकातल्या सभेत त्याच्या हातातल्या कागदावर आलं: 'बापाचं घर फोडणारी बाई'. त्याला ते गाळता आलं असतं. त्याने ते वाचलं, आणि सवयीप्रमाणे छान वाचलं.

घराण्याची मतं फुटली आणि विरोधी पक्षातला सिमेंटचा व्यापारी निवडून आला. बहीण-भाऊ दोघंही पडले. रात्री दिवाणखान्यात जमलेल्या नातेवाइकांसमोर काका म्हणाले, "तिने बुडवलं आपल्याला."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"तिने नाही," बाळ्या म्हणाला. "तिचं नाव घेईन असं मी तिला वचन दिलं होतं. मीच घेतलं नाही."

काकांनी हात झटकला. "आता त्याचा काय उपयोग?" आणि ते दुसऱ्या मतदारसंघातल्या निकालाबद्दल बोलू लागले.

सकाळी तो अक्काकडे गेला. दार तिनेच उघडलं. "काल मी काकांना सगळं सांगितलं," तो उंबऱ्यातच म्हणाला.

"काकांना," अक्का म्हणाली. "बरं." आणि ती बाजूला झाली.

पुढच्या खोलीत माणसं बसली होती. कार्यालय हातचं गेलं तरी लोक तिच्याकडे यायचे थांबले नव्हते. कोपऱ्यात नर्सबाई होत्या. बसावं की नाही हे त्याला कळेना. मग तो नर्सबाईंकडे वळला.

"त्या दिवशी अक्का खोटं बोलली. तिने मला सगळं सांगितलं होतं. माहीत असूनही मी हात वर केला. आणि ती तुमच्याशी बोलत होती तेव्हा मी आतल्या खोलीतच होतो."

नर्सबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या. "मागच्या गल्लीत तुमची गाडी उभी होती. सगळ्यांनी बघितली होती. अक्कांना वाईट वाटेल, म्हणून कुणी बोललं नाही."

त्याने अक्काकडे पाहिलं. तिची मान खाली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लाज तिलाही वाटत होती, त्याच्यासाठी. ते त्याला सगळ्यात जड गेलं.

"पुढचं कोण?" अक्काने विचारलं. एक म्हातारे गृहस्थ पाण्याच्या नळाबद्दल सांगू लागले. बाळ्या थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. मग कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने त्याने चपला पायात सरकवल्या आणि तो बाहेर पडला.