जिन्यातले तीन दिवे

घड्याळवाल्यांच्या घराचा जिना अरुंद आणि वळणाचा. त्याच्या छताला तीन दिवे टांगलेले होते, एकमेकांना खेटून. तीन बिऱ्हाडं, तीन दिवे, आणि प्रत्येकाचं बटण आपापल्या दाराआड. सामाईक दिव्याच्या बिलावरून पूर्वी एकदा चांगलंच वाजलं होतं, तेव्हा घड्याळवाल्यांनीच हा तोडगा काढला. ज्याचं माणूस येणार-जाणार त्यानं आपला दिवा लावावा, काम झालं की विझवावा. कुणाचं कुणाला देणं नको. असे जिने तुम्हीही पाहिले असतील. तिन्ही दिवे एकदम लागलेले त्या घरात कुणी कधी पाहिले नाहीत. तिन्ही विझलेले मात्र रोज दिसत.

त्या आठवड्यात नगरपालिकेने नव्या कराचा ठराव लोकांपुढे ठेवला होता. रस्त्यावरचे दिवे, तुंबणारी गटारं आणि आगीचा बंब यांसाठी दर घरामागे थोडा कर. रविवारच्या सभेत लोकांनी हात वर केले तरच तो लागू होणार होता. घड्याळवाले विरोधात बोलणार, हे गल्लीत ठरूनच गेलं होतं. घड्याळात नुसती धूळ असली तर फुंकर मारून फुकट परत देणारा माणूस. त्यांच्या शब्दाबाहेर कोण जाणार? त्यांच्या खाली, पहिल्या मजल्यावर राहणारे शिंपी तर म्हणाले, तुम्ही उभे राहिलात की ठराव पडलाच समजा.

रोज जेवताना ते बायकोला भाषण ऐकवत. माझ्या दारापुढचं गटार मी साफ करून घेतो, दुसऱ्याच्या दारापुढच्या घाणीचे पैसे मी का भरू? ती मुकाट्याने वाढत असे. एकदाच तिनं विचारलं, “पण आपल्या दारापुढचं पाणी पुढे कुठं जातं हो?” त्यावर तुला नाही कळायचं म्हणून ते मोकळे झाले.

शनिवारी डोळे दुखायला लागले म्हणून त्यांनी दुकान लवकर बंद केलं. दिवेलागणीची वेळ. बाहेरचं दार ढकलून ते अंधाऱ्या जिन्यात शिरले, चार पायऱ्या चढले, तोच पायाला काहीतरी मऊ लागलं.

“सावकाश या, पिशवी आहे,” बायकोचा आवाज आला.

ती वळणाखालच्या पायरीवर पिशवी शेजारी ठेवून बसली होती. अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीकडे ती रोज जायची आणि या वेळेला परतायची.

“इथं काय करतेस?”

“हल्ली संध्याकाळचं नीट दिसत नाही मला. शिंप्यांकडचं कुणीतरी येतं-जातं, त्यांचा दिवा लागला की चढते.”

“आणि आपला दिवा?”

“त्याचं बटण घरात. घराला कुलूप. किल्ली माझ्याकडे, आणि मी ही इथं.”

 तोडगा घड्याळवाल्यांचाच होता. त्यांनी विचारलं, मग इतके दिवस कशी चढत होतीस?

“मावशींच्या उजेडात.”

समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशी. त्या बिलाच्या भांडणापासून घड्याळवाले त्यांच्याशी बोलत नव्हते. पण मावशी हिच्या चपलांचा आवाज ओळखत, आपला दिवा लावत आणि कुलूप उघडल्याचं ऐकू आलं की विझवत. या हिवाळ्यात त्या लेकीकडे राहायला गेल्या, आणि जिना काळोखात बुडाला.

“मला सांगायचंस ना.”

“सांगितलं असतं तर दिव्याचे पैसे त्यांच्या हातावर टेकवायला गेला असतात आणि पुन्हा भांडून आला असतात.” ती हसली, मग हळू आवाजात म्हणाली, “तुमचं भाषण पाठ झालंय मला. कुणाचं घेऊ नये, कुणाला देऊ नये. पण अहो, आपण घेतलंय. रोज घेतलंय. एका म्हातारीच्या चांगुलपणावर माझी वाट उजळत होती. चांगली माणसं म्हातारी होतात, दुसरीकडे राहायला जातात. म्हणून तर सगळ्यांनी मिळून भरायचं असतं. मग कुणी पावलं ओळखायची वाट पाहावी लागत नाही.”

ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग तिचा हात धरून, पायानं चाचपत, दोघं वर गेली.

रविवारी सभागृहात घड्याळवाले उभे राहिले आणि त्यांनी आपल्या जिन्याची सगळी हकीकत सांगितली. शिंपी अस्वस्थ होऊन म्हणाले, “अहो, हे काय भलतंच?”

“तुमची सून भरल्या दिवसांची आहे, शिंपीबुवा. काल माझी बायको तुमच्या दिव्याची वाट पाहत बसली होती. उद्या तुमची सून माझ्या दिव्याची पाहील. कर भरू या. भरू आणि मग पै-पैचा हिशेब मागू. चुकला तर धारेवर धरू!”

 शिंपी डोकं खाजवत पुटपुटले, “कापड आणलं सदऱ्याचं, शिवलं काय भलतंच,” आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मग हात वर होतच गेले.

रस्त्यावरचे दिवे यायला वेळ लागला. जिन्यात मात्र तीन दिव्यांच्या जागी एकच नवा दिवा त्याच आठवड्यात लागला, आणि त्याचं बटण खाली, दारातून शिरताच हाताला लागेल असं. उन्हाळ्यात मावशी आपलं घर झाडायला आल्या. घड्याळवाले वरून खाली आले, त्यांनी मावशींच्या हातातली पिशवी घेतली.

“या मावशी.”

मावशी दिव्याकडे पाहत उभ्या राहिल्या. “कुणाचा हा?”

“आपला,” ते म्हणाले.

कर भरताना आपण कुरकुरतो. कुरकुरावं, जाबही विचारावा. पण आपल्यापैकी प्रत्येक जण कुणाच्या तरी उजेडात घरी पोचलेला असतो. ज्यांची पावलं आपण ओळखत नाही, त्यांच्यासाठीही दिवा लावून ठेवायचा, एवढ्यासाठीच तर शहर करून राहायचं.