वाळूची पोती

अरे ऐका तर! युद्ध होणार, होणार म्हणतायत ना, म्हणून सरकारने मदत वाटायचा सराव ठेवला होता मैदानात. आमची ताई मदत खात्यात, ती ट्रकवर उभी राहून पोती वाटणार. आणि मी जखमी निर्वासित! कपाळावर लाल रंग, गळ्यात लाल कार्ड, म्हणजे याला आधी उचला. ताई म्हणाली, "नीट विव्हळ हां, घरी काम सांगितल्यावर विव्हळतोस तसं."

पोत्यांवर छापलंय 'तांदूळ', आत वाळू. सरावाला खरा तांदूळ कशाला नासायचा, हे साहेबांचं डोकं. ताई म्हणाली होती, निदान बाहेर पाटी तरी लावा, सराव आहे म्हणून. कोण ऐकतंय!

इकडे दुकानं आठवडाभर रिकामी. ट्रक आले ही बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि खरी माणसं घुसली ना रे कुंपण तोडून! एका बाईने दातांनी पोतं फाडलं. भस्सकन वाळू! तिने मूठभर उचलून बघितली. मग किंचाळली, "आमच्या तोंडात माती घालतायत!"

संपलंच. पहिला दगड काचेवर, दुसरा ड्रायव्हरच्या जबड्यावर. साहेब जीपमधून पसार. ताईला पाय धरून खाली खेचली, कुणीतरी फळी घातली डोक्यात. मी लाथा खात, चावत, कोपरं मारत पोचलो. तिचा कान रक्ताने भरलेला, डोळे पांढरे.

तेवढ्यात लांबच्या तंबूतून स्ट्रेचरवाले दोघं आले. पुढचा म्हणतो, "वा, दंगलपण ठेवलीय? झकास!" आणि आईशप्पथ, मलाच उचलायला लागला!

"अरे, तिला घे!"

"तिला कार्ड नाहीये. तू झोप गुपचूप."

डोकंच फिरलं. ठेवून दिला ठोसा नाकावर, कट्कन आवाज आला. "बघ, रक्त असं असतं! माझा रंग आहे, हिचं खरंय!" कार्ड काढून ताईच्या गळ्यात घातलं. रडत होता बिचारा, पण उचललं त्याने, मानलं पाहिजे. दगड पाठीत बसत होते तरी स्ट्रेचर सोडलं नाही.

काल ताई शुद्धीवर आली. डोक्याला टाके, एका कानाने ऐकू येत नाही. शेजारच्या खाटेवर तोच, नाकावर ही मोठी पट्टी.

"याला कुणी मारलं रे?" ताईने विचारलं.

मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे.

"सरावात लागलं," तोच म्हणाला.