शिक्केवालीचा हातोडा

"एकदा डोळे मिटलेस की मिटलेस. घराला आग लागली तरी प्रार्थना संपेपर्यंत उघडायचे नाहीत आणि बोलायचंही नाही," आई सांगायची. शिक्केवालीनं लग्नानंतरही हा नेम कधी मोडला नव्हता. पहाटे ती कोपऱ्यात बसली की घरातली माणसं पाय न वाजवता वावरत.

तिचं काम जंगलखात्यात. तोडायच्या झाडावर ती खात्याचा हातोडा ठोकायची. एक घाव छातीच्या उंचीवर, दुसरा अगदी बुंध्याशी, म्हणजे झाड गेलं तरी खुंटावर शिक्का राहतो. नवा नियम आल्यापासून मिठीत न मावणारी झाडं सोडायची होती. हवेतला कार्बन असली जाड झाडंच पोटात धरून ठेवतात, पाडली की धरलेलं सुटतं, असं साहेबांनी सगळ्यांना समजावलं होतं. तिला ते पटलंही होतं.

आणि आज त्याच साहेबांनी तिला वरच्या उतारावर नेऊन खुंट दाखवले. एकेक खुंट जेवायला बसावं एवढा रुंद. प्रत्येकाच्या बुंध्याशी तिचा शिक्का.

"हातोडा तुमचाच ना, बाई?"

"हातोडा माझाच. पण मी नाही ठोकला."

"मग तो एकटाच चालत आला असेल," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "उद्या दुपारपर्यंत काय ते सांगा. नाहीतर मला तुमचंच नाव वर पाठवावं लागेल. आणि हे शिक्के खरे धरले, तर तोडीचा ठेका घेतलेला वखारवाला उरलेला उतारही असाच साफ करेल."

घरी येऊन तिनं हातोड्याची पेटी उघडली. झाकण नेहमी कुरकुरायचं, आज मुकाट उघडलं. बिजागरीला कुणीतरी तेल घातलं होतं. आत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं उचललं, तर वजन वेगळं. फडक्यात लाकडाचा ठोकळा निघाला.

पेटीची किल्ली खिळ्याला टांगलेली असते हे घरच्यांनाच ठाऊक. घरात ती, नवरा आणि सासरे. नवरा वखारवाल्याचा ट्रक चालवतो. वरच्या उतारावरून खाली येणारं लाकूड त्याच्याच ट्रकमधून येतं. बाकी हिशोब करायला राहिलं काय?

तिनं ठोकळा होता तसा गुंडाळून ठेवला. जेवताना सहज बोलावं तसं म्हणाली, "उद्या मला शिक्के मारायला जायचंय."

नवऱ्यानं मान वर केली नाही. "जा की. मला पण पहाटेच खेप आहे."

खेप कालपर्यंत नव्हती. ती त्याच्या नखांकडे बघत राहिली. नखांत डिंक होता. पण तो तर रोजच असतो.

"काय गं, टक लावून बघतेयस? माझ्यावर पण शिक्का मारतेस की काय?"

"बघू दे तिला," सासरे म्हणाले. "लग्नात घाईघाईत नीट बघितलं नसेल."

दोघं हसले. तिला त्या हसण्याचाही संशय आला.

पहाटे ती नेहमीसारखी कोपऱ्यात बसली. डोळे मिटले, पण ओठांवर प्रार्थनेऐवजी नवऱ्याला विचारायचे प्रश्नच येत होते. दार वाजलं. पावलं पेटीपाशी थांबली. तिनं देवाची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि डोळे उघडले.

पेटीपुढे सासरे बसले होते. सदऱ्याच्या टोकानं हातोड्यावरचा चीक पुसत होते.

"आबा."

म्हाताऱ्याचा हात थांबला. "प्रार्थना मोडलीस?"

"मोडली."

"माझ्यापायी." त्यांनी हातोडा हळूच खाली ठेवला.

निवृत्त होईपर्यंत हाच हातोडा त्यांच्याकडे होता. "आमच्या वेळी जुनं झाड आधी काढायचो," ते म्हणाले. "खालच्या कोवळ्यांना ऊन मिळायचं. वखारवाला म्हणाला, आबा, पिकलेलं झाड ओळखावं तर तुम्हीच. किती वर्षांनी कुणीतरी मला झाडाबद्दल विचारलं, सूनबाई."

"नवा नियम तुम्हाला माहीत नव्हता?"

"माहीत होता. खुळचट वाटला."

"माझी नोकरी जाईल हे?"

"ते सुचलं नाही. खरंच नाही सुचलं."

"आणि ह्यांना? ह्यांना माहीत होतं?"

"तो शिक्का बघतो आणि गाडी हाकतो. कुणी मारला, ते विचारत नाही."

म्हणजे विचारलं नाही, की विचारायचं टाळलं? म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तिला काही वाचता येईना. जे मुलासाठी कळूनसवरून खोटं बोलतील, ते खरं बोलतानाही असेच दिसतील.

"साहेबाकडे जाशील?"

"जाईन. नाही गेले तर तो उतार उरायचा नाही."

"मग एवढं कर. माझं नाव तू घे. वखारवाल्याच्या तोंडून मला ते ऐकायचं नाही. आणि मी शिक्का चुकून मारला नाही, कळूनसवरून मारला, हेही सांग. झाकपाक करू नकोस."

"नाही करणार."

"शब्द दे."

"दिला, आबा."

ते उठून मोरीकडे गेले. हात धुण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. चीक पाण्यानं जात नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच.

ती पुन्हा कोपऱ्यात बसली आणि प्रार्थना पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता म्हटली. मग हातोडा फडक्यात गुंडाळला. बाहेर नवऱ्याचा ट्रक परत येऊन उभा राहिला. त्यानं खिडकीतून हाक मारली, "चल, सोडतो. कुठं जायचंय?"

"जवळच आहे. चालत जाते."

त्यानं फडक्याकडे पाहिलं, मग घराकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. पदर नीट करून ती साहेबांच्या कचेरीच्या वाटेला लागली.