तिखटाचा नैवेद्य

बाळकुमच्या कोळीवाड्यात समिधाच्या घरची गौर तिखटाचं जेवते. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, तळलेली मांदेली मासळी, तांदळाची भाकरी. इतकी वर्षं पोरीला यात काही वावगं वाटलं नव्हतं. यंदा मात्र वर्गातली ऋजुता माजिवड्याहून जेवायला येणार होती, आणि ऋजुताकडच्या गौरी खातात पुरणपोळी नि सोळा भाज्या. झालं! आपल्याला ही काय म्हणेल, या एका विचाराने समिधाचा जीव टांगणीला लागला. दहावीतलं वय ते, लाज वाटायला कारण थोडंच लागतं!

एकच वर्ष गोडाचं कर ना, म्हणून तिने सकाळपासून आईचं डोकं खाल्लं. आई, मंजुळा, कालवण ढवळत होती. तिने विचारलं, की गौर माहेरी आलीय, तर लेकीच्या आवडीचं वाढायचं की पाहुण्यांच्या?

तरी बाईसाहेबांनी करायचं ते केलंच. ऋजुता दारात चपला काढत होती, तेवढ्यात समिधाने गौरीच्या पानातली चिंबोरी उचलली आणि आत ओट्यावर टोपाखाली झाकून ठेवली.

बायका गौरीपुढे बसल्या. सखुआत्या ही बाबांची आत्या, त्या घरची सगळ्यांत थोरली लेक. तिने डोळे मिटून गाणं धरलं. घरात जन्मलेल्या एकेका लेकीला नावाने जेवायला बोलवायचं, पानाला हात लावायचा, आणि बाकीच्यांनी ‘ये गो बाय, जेव’ म्हणायचं, अशी तिथली रीत. समिधाला तो आजवर नुसता गोंगाट वाटायचा.

पहिल्याच नावाला आत्याचा हात पानावर चाचपडला आणि गाणं थांबलं.

“चिंबोरी कुठं हाय?” तिचा आवाज कापरा झाला. “आयशीकडं येऊन माझ्या पोरी अशाच उठतील?”

समिधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, ऋजुताच्या देखत आतून चिंबोरी आणली आणि दोन्ही हातांनी पानात ठेवली.

“मी काढलेली, आत्या.”

आत्या रागावली नाही. तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. खाडीत गेलेली हिरू आली. तापाने गेलेली लहानगी पारू आली. दूर दिलेल्या, परत कधीच न आलेल्या आल्या. ज्यांचे फोटोही घरात नव्हते अशा कितीतरी बाया त्या एवढ्याशा खोलीत जेवायला आल्या, आणि समिधाच्या अंगावर सरसरून काटा आला. शेजारी ऋजुताने हात जोडले होते. ते कधी, समिधाला कळलंही नाही.

आत्याने स्वतःचं नाव घेतलं, आणि मग शेवटचं.

“समिधा...”

“ये गो बाय, जेव,” बायका म्हणाल्या.

आपण या जगात नसू तेव्हाही या घरातून कुणीतरी आपल्याला जेवायला हाक मारणार आहे, हे त्या क्षणी तिला कळलं.