घंगाळातलं पाणी

"टँकर आज नहीं आएगा, आंटी. ड्रायव्हर लोगों की हड़ताल है," गेटवरचा चौकीदार म्हणाला आणि पुन्हा पेपराने वारा घेऊ लागला.

"और कल?" अरुणाने विचारलं.

"कल का कल देखेंगे."

घ्या! अरुणाने दोन्ही रिकाम्या बादल्या उचलल्या आणि जिना चढायला लागली. लिफ्ट बंदच होती. दिल्लीच्या द्वारका भागातल्या या नव्याकोऱ्या सोसायटीत ती आणि भालचंद्रराव राहायला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याआधी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. तिथे नळ सोडला की पाणी यायचं आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही आहे हे अरुणाच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर भालचंद्ररावांनी हौसेने हा फ्लॅट घेतला. पांढरीशुभ्र इमारत, चाळीस फ्लॅट, आणि त्यांतल्या तिसांना कुलपं. खिडकीतून दिसायचं ते नुसतं माळरान आणि मे महिन्यातली धूळ.

समोरच्या कौशल्याजी लेकीकडे लुधियानाला गेल्या होत्या. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर सध्या हे दोघंच.

दार उघडलं आणि वास आला.

भालचंद्ररावांनी अंथरूण खराब केलं होतं. अर्धांगाचा झटका येऊन चाळीस दिवस झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. रोज अंग पुसायला येणारी पार्वती आज फिरकलीच नव्हती. ते भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून पडले होते. ज्या माणसाने जन्मभर रुमालालासुद्धा इस्त्री केली, त्याला काही कळत नव्हतं असं थोडंच होतं!

"असू दे हो. होतं असं. आत्ता करते साफ," अरुणा म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. साफ करणार कशाने, कपाळाने? माठात पेलाभर पाणी. पिंप कोरडं ठणठणीत.

आणि देव्हाऱ्यासमोर काठोकाठ भरलेलं घंगाळ.

त्यात देव होते. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे तळाशी. पुण्याच्या नणंदेने, वृंदाने, फोनवर सांगितलं होतं, "वहिनी, देव पाण्यात ठेव. दादाच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत बाहेर काढू नकोस. बघ, कसे धावून येतात ते." लोक देव वाटीत ठेवतात, पातेल्यात ठेवतात. अरुणाने सासूबाईंचं आंघोळीचं तांब्याचं घंगाळ काढलं. कळू दे म्हटलं देवांना, ही बाई गंमत करत नाहीये! टँकर आला की आधी त्यात भर घालायची, मग स्वतःच्या चहाचं आधण.

झटका आला त्या सकाळी भालचंद्रराव नेहमीसारखा पेपर मोठ्याने वाचत बसले होते. सरकार, क्रिकेट, दिल्लीचं तापमान, काही म्हणून सोडायचे नाहीत. तिचं डोकं दुखत होतं. "जरा गप्प बसता का हो!" ती ओरडली होती. ते गप्प बसले. तासाभराने बाथरूममध्ये पडले, ते आजतागायत गप्प. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, वृंदालाही नाही. फक्त घंगाळाशी बसून देवांना सांगायची. एक शब्द बोलू देत, शिवी दिली तरी चालेल. मग खोलीत जाऊन त्यांच्या पुढ्यात बसायची आणि म्हणायची, "बोला ना हो. एकदाच." देवही हूं की चूं करत नव्हते आणि हेही. हल्ली तर तिला वाटायला लागलं होतं की पाण्यात नुसतं पितळ आहे. असं वाटलं की तिला इतकं एकटं वाटायचं की उगाचच रेडिओ लावून ठेवायची.

आत्ता ती घंगाळाशी उकिडवी बसली. देव बाहेर काढले आणि हे कधीच बोलले नाहीत तर? आधी यांना गप्प केलं आणि वर नवसही मोडला, दोन्ही मीच. मग कोणाकडे तोंड करून रडायचं?

आतून घशात अडकल्यासारखा आवाज आला. भालचंद्रराव रडत होते. तेहेतीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना रडताना ऐकलं नव्हतं.

"पुरे झालं," अरुणा म्हणाली. तिने बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. एकेक देव काढून धुतलेल्या पंच्यावर ठेवला. बाळकृष्ण शेवटी निघाला. "इतके दिवस डांबून ठेवलं तुम्हाला," ती म्हणाली. "चुकलं माझं. त्यांना बोलतं करा, नका करू, माझी आता अट नाही. तुम्ही आहात की नाही तेही मला आज कळत नाहीये, खोटं कशाला बोलू? पण दुसरं कोण आहे मला? तुमच्यावर हवाला."

मग घंगाळ ओढत ओढत तिने पलंगाशी नेलं.

भालचंद्ररावांनी डोळे उघडले. घंगाळ पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. डाव्या हाताने ते तिला ढकलायला लागले. नको, नको.

"गप पडा. विचारलंय मी त्यांना," अरुणा म्हणाली. काय उत्तर आलं ते काही तिने सांगितलं नाही.

तिने त्यांना नीट धुतलं. साबण लावून, दोन पाण्यांनी, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. चादर बदलली, पावडर लावली, धुतलेला सदरा घातला. पाणी बरोबर पुरलं.

संध्याकाळी वृंदाचा रविवारचा फोन आला.

"वहिनी, दादा बोलला?"

"नाही गं. आणि देव काढले मी पाण्यातून."

"अगं, काढलेस? असे कसे काढलेस?"

"यांना धुवायला पाणी नव्हतं, वृंदा."

"आता काय होईल गं?" वृंदाने हळूच विचारलं.

"माहीत नाही. पण तू घाबरू नकोस. मी नाही घाबरले."

फोन ठेवून अरुणाने खुर्ची पलंगाशी ओढली. आज तिने "बोला ना" म्हटलं नाही. ती स्वतःच सांगत बसली. टँकरवाल्यांचा संप, कौशल्याजींचं लुधियाना, उद्या भाजीवाला आला तर घ्यायची दोडकी. सांगता सांगता झटका आला त्या सकाळचं ओरडणंही सांगून टाकलं, अगदी जसंच्या तसं. भालचंद्रराव छताकडे बघत होते. मग त्यांचे डोळे मिटले. ऐकता ऐकता मिटले की आधीच झोप लागली होती, तिला कळलं नाही. तिने आवाज थोडा खाली आणला आणि पुढचं सांगत राहिली.