मास्तरांच्या गाडीचा लाल दिवा

"ब्रेक दाबा, मास्तर!"

"दाबलाय की!"

"अहो, जोरात दाबा!"

"आता काय खालचा पत्रा फोडू का?"

गाडीच्या मागे उकिडवे बसलेले मिस्त्री लाल काचेकडे डोळे लावून होते. दिवा काही पेटेना. नवाकोरा स्विच बसवूनही पेटेना, तेव्हा मात्र त्यांचं डोकंच फिरलं. त्या एवढ्याशा स्विचसाठी त्यांनी चार महिने जंग जंग पछाडलं होतं. गाडी चाळीस वर्षांपूर्वीची, कंपनी कधीच बुडालेली. भंगारवाले झाले, ओळखीपाळखीचे मेकॅनिक झाले, सगळीकडे नन्नाचा पाडा. शेवटी कुठल्याशा लांबच्या दुकानदाराला माळ्यावर एक सापडला. सकाळी तो हातात पडला तेव्हा मिस्त्री गॅरेजमध्ये एकटेच हसले होते.

दुखणं तसं साधं. पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब येतो, त्या दाबानं स्विच जुळतो आणि मागे लाल दिवा लागतो. मास्तरांचा लागत नव्हता. मागचे गाडीवाले शिव्या घालायचे, एक तर थेट डिकीवरच येऊन आदळला होता. मिस्त्रींनी स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून पाहिल्या. दिवा लख्ख! म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक, दोष स्विचचाच. बत्तीस वर्षं हेच काम केलेला माणूस, त्याला शंका कशाला येईल?

मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. ड्रायव्हरच्या सीटवर ते दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत, मिस्त्रींनासुद्धा नाही. "हिला माझ्याच पायाची सवय आहे," म्हणायचे. त्यामुळे पेडल दाबायचे ते, आणि मिस्त्री कायम गाडीखाली नाहीतर मागे. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागे. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नसत. उद्याही जायचं होतं.

"ब्रेकच्या लाइनीत हवा राहिली असेल," असं म्हणून मिस्त्री गाडीखाली सरपटले. "दाबा. आता धरून ठेवा."

हवा काढायच्या नळीतून तेल आलं, पण अगदी मुंगीच्या पावलानं.

"धरलंय ना?"

"धरलंय रे बाबा!" आवाजाला दम लागला होता.

मिस्त्री बाहेर आले आणि गाडीच्या दाराशीच थबकले. मास्तरांचं कपाळ घामानं डबडबलं होतं. दोन्ही हातांनी ते आपला उजवा गुडघा खाली रेटत होते.

"जरा उतरता? मी बघतो."

मास्तर वाद न घालता उतरले, मागे जाऊन उभे राहिले. मिस्त्रींनी आत बसून पेडल दाबलं. पेडल दगडासारखं घट्ट होतं, म्हणजे लाइनीत हवा नव्हतीच.

"लागला," मास्तर म्हणाले.

मिस्त्रींनी सोडून पुन्हा दाबलं.

"लागला."

तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मास्तर आपल्या उजव्या पायाकडे बघत होते.

मिस्त्रींना उतरायचं धाडस होईना. जुना स्विचही धडधाकटच असणार! चार महिने आपण पार्ट शोधत फिरलो आणि माणसाकडे बघितलंच नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"कधीपासून आहे हे?"

"पाय ना? झालं असेल वर्ष. मुंग्या येतात, मग आहे की नाही तेच कळत नाही." मास्तर खिडकीशी आले. "पण गाडी थांबते रे! मी हळूच चालवतो."

"शेजारी वहिनी बसलेल्या असतात, मास्तर."

मास्तरांनी मान खाली घातली. मग वर्गातल्या पोरानं विचारावं तसं विचारलं, "हलक्या दाबाचा स्विच नसतो का रे? तो लाव ना."

"दिवा लागेल हो. गाडी नाही थांबायची."

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. वहिनींचा होता.

"हं, बोल. नाही गं, नाही झाली गाडी. तो स्विचच नाही मिळाला." तिकडचं ऐकत ते थोडा वेळ थांबले. "उद्याचं काय, आता कधीच मिळायचा नाही म्हणतोय. अगं, खरंच! थांब, त्याच्याशीच बोल." त्यांनी फोन पुढे केला. "सांग बाबा तिला. माझं खरं वाटत नाहीये."

आजवर एकाही गिऱ्हाइकाला 'पार्ट मिळत नाही' म्हणून परत न पाठवलेल्या मिस्त्रींनी तेलकट हात पँटला पुसले आणि फोन कानाला लावला.

"हो वहिनी, नाही मिळाला. खूप शोधला हो. मीच कमी पडलो."

तिकडून वहिनी त्यांचीच समजूत घालू लागल्या.